भटक्या मांजरांची नसबंदी आणि पुनर्वसन: स्वयंसेवकाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

भटके मांजर पकडणे, त्याची नसबंदी करून घेणे आणि शक्य असल्यास त्याला घर मिळवून देणे या तीन कामांचे कागद वेगवेगळे असतात आणि नव्या स्वयंसेवकांची गल्लत बहुधा इथेच होते. नोंदणीचा अर्ज स्वयंसेवकाविषयी असतो, संमतीपत्र जागेविषयी असते, तर शस्त्रक्रियेचा आणि दत्तकाचा कागद एकेका मांजराविषयी असतो. नियमांचा तपशील आणि अर्जाचा नमुना ठिकाणानुसार बदलतो. म्हणून प्राणी कल्याण संस्थेकडे किंवा स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करताना या तिन्हींचे नमुने एकदमच मागून घ्यावेत.

पात्रता आणि नोंदणी

नोंदणीसाठी साधारणपणे वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान मुलांना पालकांच्या लेखी संमतीने मोजणी, नोंदी आणि साफसफाई यांत भाग घेता येतो. सापळा मात्र त्यांच्या हाती देऊ नये. कोणत्याही पदवीची गरज नसते. अनुभवी स्वयंसेवकासोबत एक-दोन वेळा प्रत्यक्ष काम करून पाहणे हेच खरे प्रशिक्षण आहे, आणि संस्थेने ती अट घातली नसली तरी स्वतःहून ती पाळावी.

अर्जासोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणीबाणीत संपर्क करता येईल अशा व्यक्तीचे नाव आणि जोखमीची जाणीव असल्याचे हमीपत्र मागितले जाते. जिथे रेबीज आढळतो तिथे प्रतिबंधक लसीकरणाचा दाखलाही जोडावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सुचवलेल्या पद्धतीनुसार अशा लसीच्या दोन मात्रा 7 दिवसांच्या अंतराने घेतल्या जातात. ही लस घेतलेली असली तरी मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावेच लागते. गरोदर स्त्रियांनी आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आपली स्थिती अर्जात स्पष्ट लिहावी, कारण मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. त्यांना दत्तकाच्या मुलाखती, दूरध्वनी आणि नोंदवह्या यांचे काम देता येते, आणि ते काम कमी मोलाचे मुळीच नाही.

जागेची पाहणी आणि संमतीपत्र

जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची लेखी संमती नसताना सापळा लावू नये. तोंडी होकार देणारी व्यक्ती त्या दिवशी जागेवर नसली, तर रखवालदाराला अडवण्याचा पूर्ण अधिकार असतो आणि भरलेला सापळा हातात घेऊन वाद घालत बसण्याची वेळ येते.

संमतीपत्रासोबत पाहणीचा तक्ता जोडायचा असतो. त्यात एकूण मांजरे किती, बोके किती, भाट्या (माद्या) किती, गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कोणती, कानाचे टोक (नसबंदी झाल्याची खूण म्हणून) आधीच छाटलेले कोणाचे, आणि त्यांना खायला कोण व किती वाजता घालते, हे सर्व लिहावे. एका फेरीत मोजणी पूर्ण होत नाही. किमान तीन वेगवेगळ्या दिवशी, खाण्याच्या वेळेला जाऊन मोजावे. हा तक्ता नीट भरण्याचा आग्रह मी धरतो, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे राहते. भाटी चार महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. वस्तीतील अर्ध्याच मांजरांची नसबंदी करून काम थांबवले, तर उरलेल्या भाट्या ती संख्या काही महिन्यांत भरून काढतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या जागा मागताना तक्त्यातील संख्येइतक्याच मागाव्यात आणि सगळी मांजरे लागोपाठच्या दिवसांत पकडावीत.

एखादे मांजर कोणाचे तरी पाळीव असण्याची शक्यता असते. त्यामुळे पकडण्याच्या काही दिवस आधी परिसरात सूचना लावावी, आणि दवाखान्यात पोहोचताच मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) तपासून घ्यावी. चिपवर साधारणपणे 15 अंकी क्रमांक असतो. तो सापडल्यास मालकाचा शोध लागेपर्यंत नसबंदी थांबवावी लागते.

सापळा आणि शस्त्रक्रियेचा दिवस

संस्था सापळा उसना देते तेव्हा त्याचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि अनामत यांची नोंद होते. शस्त्रक्रियेची वेळ निश्चित झाल्याशिवाय मांजर पकडू नये. वेळ न ठरवता पकडलेले मांजर दोन दिवस सापळ्यात बसून राहते आणि तो त्रास पूर्णपणे टाळण्यासारखा असतो.

आदल्या दिवशीपासून वस्तीतील नेहमीचे खाणे बंद ठेवावे, म्हणजे भुकेले मांजर सापळ्यात येते. सापळ्यात आमिषापुरताच घास ठेवावा, कारण मोठ्या मांजराला भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवतात. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवणे धोक्याचे असते, त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. त्यांच्यासाठी किती तास, हे पशुवैद्यकाकडून विचारून लिहून घ्यावे. पिल्लू साधारण 8 आठवड्यांचे आणि 1 किलोच्या आसपास वजनाचे झाल्यावर शस्त्रक्रियेला घेतले जाते. लावलेला सापळा नजरेआड होऊ देऊ नये. दार पडताच सापळ्यावर चादर टाकावी, अंधारात मांजर शांत होते. एका सापळ्यात एकच मांजर ठेवावे आणि ते हाताने दुसऱ्या पिंजऱ्यात हलवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

दाखल करतानाचा अर्ज प्रत्येक मांजरासाठी स्वतंत्र असतो. त्यावर सापळ्याचा क्रमांक, पकडल्याची नेमकी जागा आणि वेळ, रंग व खुणा लिहायच्या असतात. त्याच अर्जात संमतीचे काही प्रश्न असतात आणि ते घाईत भरण्यासारखे नसतात. भाटी गाभण निघाली तर शस्त्रक्रिया करावी का, गंभीर आणि बरा न होणारा आजार आढळला तर दयामरण द्यावे का, रेबीजची आणि इतर रोगांची लस द्यावी का, यांची उत्तरे आदल्या रात्रीच शांतपणे ठरवून ठेवावीत. मांजर भुलीखाली असताना पशुवैद्यकाला थांबून वाट पाहता येत नाही. अर्जावरचा दूरध्वनी दिवसभर लागला पाहिजे, आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे त्याचे नावही तिथे लिहिलेले असले पाहिजे.

कानाचे टोक छाटण्याला संमती देताना अनेक स्वयंसेवक कचरतात. हे काम भुलीतच होते, सुमारे 1 सेंटिमीटर भाग सरळ रेषेत काढला जातो आणि तो बहुतेक ठिकाणी डाव्या कानाचा असतो. ही खूण नसली तर तीच भाटी पुढच्या मोहिमेत पुन्हा पकडली जाते, पुन्हा भुलीखाली जाते आणि कधीकधी तिचे पोट पुन्हा उघडले जाते. म्हणून वस्तीत परत जाणाऱ्या मांजराबाबत ही संमती नाकारू नये.

पाजणारी भाटी सापडली तर अर्जाच्या वरच्या बाजूला ते ठळक लिहावे, म्हणजे तिची शस्त्रक्रिया आधी होते आणि भूल पूर्ण उतरल्यावर तिला शक्य तितक्या लवकर पिल्लांकडे नेता येते. एरवी बोक्याला साधारण एक दिवस आणि भाटीला एक ते दोन दिवस झाकलेल्या सापळ्यात, उबदार आणि शांत जागी ठेवून मग सोडतात. सोडण्याची जागा पकडण्याची जागाच असली पाहिजे. परक्या ठिकाणी सोडलेल्या मांजराला खाणे आणि आडोसा माहीत नसतो, शिवाय तिथल्या मांजरांचा मार बसतो. सोडल्याची तारीख, वेळ आणि सही नोंदवहीत करावी. बोका त्यानंतरही काही आठवडे भाटीला गाभण करू शकतो, हे खायला घालणाऱ्यांना आवर्जून सांगावे, नाहीतर शस्त्रक्रिया फसली अशी त्यांची समजूत होते.

घर शोधण्याचे कागद

दत्तकाचा अर्ज प्रत्येक मांजरासाठी करायचा नसतो. पिल्लांना माणसाची सवय लागण्याचा मुख्य काळ वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्यानंतर प्रत्येक आठवड्यागणिक हे काम कठीण होत जाते. माणसाचा स्पर्श कधीच न झालेल्या मोठ्या मांजराला बंद घरात ठेवणे ही त्याच्यासाठी शिक्षा ठरते, आणि त्याला त्याच्या वस्तीत परत सोडणे हाच योग्य निर्णय असतो. सापळ्यात मात्र पाळीव मांजरही फुत्कारते. त्यामुळे दोन-तीन दिवस शांत जागी निरीक्षण करूनच अर्जातील स्वभावाचा रकाना भरावा.

तात्पुरता सांभाळ करणाऱ्याला वेगळा अर्ज भरावा लागतो. त्यासोबत भाड्याचे घर असल्यास घरमालकाची परवानगी आणि घरातील इतर प्राण्यांच्या लसीकरणाचे दाखले लागतात. नव्या मांजराला सुमारे दोन आठवडे स्वतंत्र खोलीत ठेवण्याची अटही त्यात असते. ही अट पाळावीच, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू वस्तूंवर आणि जमिनीवर दीर्घकाळ टिकतो आणि लस न घेतलेली पिल्ले त्याने झपाट्याने दगावतात.

दत्तक घेणाऱ्याकडून ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घरमालकाची परवानगी आणि घरातील सर्वांचा होकार घ्यावा, आणि खिडक्या-गच्चीला जाळी आहे का हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. करारात दोन कलमे असलीच पाहिजेत. मांजर सांभाळणे अशक्य झाल्यास ते इतरांना न देता संस्थेकडे परत द्यावे, हे पहिले. पिल्लाची नसबंदी राहिली असेल तर ती कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि ती कोण करून घेईल, हे दुसरे. तारीख नसलेले हे कलम पुढे कोणीच पाळत नाही, असा माझा अनुभव आहे.

मायक्रोचिप लावलेली असल्यास तिची नोंद नव्या मालकाच्या नावे करून घेणे हे शेवटचे काम. ते विसरल्यास हरवलेल्या मांजराचा दूरध्वनी वर्षांनंतरही स्वयंसेवकालाच येतो. मूळ वस्तीचा पाहणी तक्ता मात्र बंद करायचा नसतो. काही महिन्यांनी खाण्याच्या वेळेला पुन्हा जाऊन, कान न छाटलेले एखादे नवे मांजर आले आहे का ते पाहावे आणि तसे असल्यास त्याच तक्त्यात नवी ओळ जोडावी.