विंडोजसोबत लिनक्स टाकायचं आहे? आधी डिस्क उघडायची ४८ आकडी की (किल्ली) घेऊन या

विंडोज राहू द्या अन् बाजूला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, टाकून द्या, पण कोणतं टाकायचं ते तुम्हीच सांगा, असं दुकानात रोज कोणी ना कोणी म्हणतेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तर जास्तच, कारण बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही अन् चालती मशीन काहून फेकायची.

आधी काम सांगा. टॅलीवर कृषी केंद्राचं बिलिंग असेल, किंवा सेतूच्या कामासाठी अंगठ्याची मशीन लावत असाल तर ते काम विंडोजमध्येच राहू द्या. इंटरनेट, मराठी टायपिंग, पोरांचं कोडिंग यासाठी लिनक्स मस्त. लिनक्सचे प्रकार बरेच आहेत: ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटचं हलकं रूप एक्सएफसीई, ८ जीबी असेल तर मिंटचंच सिनॅमन नाही तर उबुंटू, पण उबुंटू एलटीएसच (जास्त काळ सपोर्टवालं व्हर्जन) घ्या, त्याला ५ वर्षं अपडेट येतात, मधल्या व्हर्जनला फक्त ९ महिने.

आता जिथं सगळा वेळ जातो ते. विंडोज ११ च्या नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप लॉक होते, तुम्हाला कळतही नाही. आम्ही बूटची, म्हणजे मशीन सुरू व्हायची, सेटिंग बदलली की निळी स्क्रीन येते अन् ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ग्राहक म्हणतात लॅपटॉप तर भाच्यानं सुरू करून दिला होता, मग भाच्याला फोन, त्याला ईमेल आठवत नाही, पासवर्ड तर नाहीच, अन् मशीन तीन दिवस टेबलावर. की नसली तर डेटा आम्ही काय, कोणीच उघडून देऊ शकत नाही भाऊ. म्हणून घरीच सेटिंगमध्ये अकाउंट्स उघडून कोणता ईमेल आहे ते पाहा, मोबाईलवर त्याच अकाउंटनं मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून की वहीत उतरवून घ्या. पासवर्ड आम्हाला सांगू नका, आम्हाला लागतही नाही.

यूट्यूबवर अर्ध्या तासात होते, तुम्ही दुसऱ्या दिवशी काहून देता, असंही विचारतात. आम्ही आधी पूर्ण बॅकअप घेतो, त्यालाच कधी कधी चार तास लागतात. लिनक्सला जागा करायला डिस्कवरचं विंडोजचं पार्टिशन (भाग) लहान करताना लाइन गेली अन् लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तर विंडोजही जाते अन् फोटोही, म्हणून ते काम इन्व्हर्टरवरच करतो. लिनक्समधून परत आल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जाते, तीही सेटिंग करूनच देतो.

जुनी हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडीचं (जास्त वेगाची डिस्क) मनावर घ्याच, फरक पहिल्याच दिवशी दिसते, अन् आमच्याकडून एसएसडी घेतली तर दोन्ही सिस्टिम टाकायचे वेगळे पैसे घेत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, मशीन आदल्या दिवशीच आणून ठेवा, चार्जर अन् ती वही सोबत.