मानवलं नाही, की जुळलं नाही?

औषधाच्या दुकानात उभं राहिलं की एक वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडतं: "ही गोळी मला मानवली नाही." कुणाला मळमळतं, कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, कुणाला पहाटे घाम फुटतो, सगळ्याची बोळवण या एका वाक्यात होते. शिकलेली माणसं त्यालाच 'साईड इफेक्ट' म्हणतात. शब्द वेगळा, गोंधळ तोच. कारण या नावाखाली दोन निराळी दुखणी एकत्र कोंबलेली असतात, आणि दोन्हींवरचा इलाज एक नसतो.

मागच्या वर्षी एकाच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. एक मावशी. बीपीची अॅम्लोडिपीन सुरू होऊन दोन महिने झालेले. संध्याकाळ झाली की घोटे सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. दुसरे एक काका. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवण्यासाठी असेनोकुमॅरॉलची गोळी सहा वर्षं बिनबोभाट चाललेली. आता मात्र दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं आणि दंडावर न लागता न आपटता काळेनिळे डाग. दोघांची तक्रार एकाच शब्दात: गोळीचा साईड इफेक्ट.

मावशींचा होता. काकांचा नव्हता.

"काका, गेल्या पंधरा दिवसांत नवीन काही सुरू केलंत?" असं विचारलं, तर आधी "छे, काही नाही." मग पिशवी उचलता उचलता, "म्हणजे जांघेत गजकर्ण झालंय, त्याची गोळी घेतोय. पण ते काय औषध म्हणायचं?" कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ती गोळी होती फ्लुकोनॅझोल. काका दोष देत होते सहा वर्षांच्या जुन्या गोळीला, आणि ती बंद करायला निघाले होते. कृत्रिम झडप असलेल्या माणसाने ही गोळी आपल्या मनाने सोडली तर झडपेवर गुठळी धरू शकते, ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असं इथे नेहमी होतं.

मला हा फरक मराठीतच सोपा वाटतो. औषध मानवतं किंवा मानवत नाही, ते माणसाला. तिथे मामला एक गोळी आणि एक शरीर यांच्यातला. जुळायचं असतं ते दोन औषधांना एकमेकांशी. पुस्तकात याला आंतरक्रिया म्हणतात, डॉक्टर इंटरॅक्शन म्हणतात.

दुष्परिणाम हा औषधाच्या स्वभावातच असतो. अॅम्लोडिपीन रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण ती सैल करते मुख्यतः रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या. रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. आवक वाढली, जावक तीच, मग पाणी घोट्यात झिरपतं. म्हणजे मावशींना ज्या गुणासाठी गोळी दिली, त्याच गुणाचं हे दुसरं टोक. म्हणूनच १० मिलिग्रॅमवर सूज जास्त दिसते, ५ वर कमी. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकलाही असाच: त्या ज्या एन्झाइमला अडवतात, तेच ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडण्याचंही काम करतं. ते साचलं की घसा खवखवतो. असे त्रास पाकिटातल्या घडीच्या कागदावर छापलेले असतात. तो कागद सहसा आधी केराच्या डब्यात जातो, हा भाग वेगळा.

आंतरक्रियेत मात्र दोन्ही औषधं एकेकटी सभ्य असतात. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. यकृतातली एन्झाइम्स ही गिरणी. बहुतेक गोळ्यांचं दळण तिथेच होतं आणि मग त्या शरीराबाहेर जातात. काकांची गोळी रोज ठरावीक वेळात दळून व्हायची, त्या हिशोबानेच तिचा डोस बांधलेला. फ्लुकोनॅझोलने ते जातंच अडवलं. रक्त पातळ करणारी गोळी रोज पोटात जातेय तेवढीच, पण बाहेर पडत नाही, रक्तात साचत जाते. चार-आठ दिवसांत काका एकाऐवजी जणू दोन-तीन गोळ्या घेतल्यासारखे. म्हणून लक्षण दिसतं जुन्या गोळीचं, रक्त येतं ते तिच्यामुळेच; तिला बिघडवणारी नवी गोळी मात्र नामानिराळी राहते. तोंडातल्या बुरशीसाठी लावायची मायकोनॅझोलची जेलसुद्धा हा उपद्व्याप करू शकते. मलम म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे उपयोगाचा नाही.

दोन्ही गोष्टी एकाच औषधात पाहायच्या असतील तर टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन घ्या. पहिल्या दिवशीच लघवी नारिंगी होते, घामाला, अश्रूंना रंग येतो. पेशंट घाबरून धावत येतो, "भाऊ, रक्त जातंय!" हा दुष्परिणाम. दिसायला भयंकर, पण निव्वळ औषधाचा रंग, त्याने काही बिघडत नाही. खरा घोळ डोळ्यांना दिसत नाही तिथे चालू असतो. रिफॅम्पिसिन गिरणी अडवत नाही, उलट जादा जाती लावतं. मग बाकीची औषधं काम करण्याआधीच दळली जातात. गर्भनिरोधक गोळी नियमित घेऊनही दिवस जातात. रक्त पातळ करणारी गोळी लागू पडेनाशी होते. मधुमेहाच्या काही गोळ्या, फिटची काही औषधं, स्टिरॉइड, सगळ्यांचा जोर ओसरतो. त्रास होणार नाही, खाज सुटणार नाही, फक्त औषध चालणार नाही. 'मानवलं नाही' म्हणायलाही काही हाती नसतं.

आणि याची शेपटी पुढे आहे. जोर ओसरला म्हणून डॉक्टर दुसऱ्या गोळीचा डोस वाढवतात, बरोबरच करतात. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, पेढे वाटले जातात, रिफॅम्पिसिन थांबतं. साधारण दोन आठवड्यांत जादा जाती बंद पडतात, पण वाढवलेला डोस तसाच चालू. नवीन काहीही घेतलं नाही, उलट एक औषध कमी झालं, आणि आता रक्तस्राव. म्हणून मी "काय सुरू केलं" याच्या जोडीला "काय बंद केलं" हेही विचारतो. त्यावर लोक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

सगळ्याच आंतरक्रिया गिरणीत होतात असंही नाही. कधी दोन औषधं एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, फक्त एकाच बाजूला ओढतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल: दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, एकत्र आली की बीपी कोसळतं. सिल्डेनाफिल घेतलेला माणूस लाजेपायी ते सांगत नाही, ही यातली खरी अडचण. रामिप्रिलसोबत स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. त्यात घरातल्या कुणी बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ आणलं, तर सोडियमच्या जागी त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. आणि आपल्याकडे घरोघरी आढळणारं त्रिकूट म्हणजे रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी. तिन्ही मिळून मूत्रपिंडातला रक्त गाळण्याचा दाब तीन बाजूंनी उतरवतात. उन्हाळ्यात जुलाब लागले, पाणी कमी प्यायलं, की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची रक्तातली खूण, चढलंच. दुखण्याची गोळी दुकानात सहज मिळते, म्हणून ती कुणाच्याच यादीत नसते.

औषध बनवणाऱ्यांनाही हा धडा महागात शिकावा लागला. जपानमध्ये १९९३ साली नागिणीवरचं सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं. कर्करोगावर ५-फ्लुओरोयुरॅसिल गटाची औषधं घेणाऱ्यांना नागीण होण्याची शक्यता जास्त, म्हणजे दोन्ही औषधं एकाच माणसाकडे जाणार हे उघड होतं. सोरिव्हुडिनपासून शरीरात तयार होणारं एक द्रव्य कर्करोगाच्या त्या औषधाचा निचराच बंद करतं. काही आठवड्यांत १५ रुग्ण गेले. अमेरिकेत सर्दी-अॅलर्जीवरची टर्फेनाडिन ही झोप न आणणारी लाडकी गोळी होती. १९९०मध्ये एका बाईला बुरशीविरोधी किटोकोनॅझोलसोबत ती घेतल्यावर हृदयाची लय बिघडल्याची नोंद झाली. एरवी टर्फेनाडिन रक्तात जवळपास दिसतही नसे, यकृत तिचं लगेच रूपांतर करून टाकी. तिथे अडसर आला आणि मूळ गोळी हृदयापर्यंत पोचली. १९९८मध्ये ती तिथल्या बाजारातून गेली. तिचं यकृतातलं ते रूपांतर म्हणजेच फेक्सोफेनाडिन. आज शिंका आल्या की आपण तीच गोळी मागतो.

खाण्याचंही तसंच. कॅनडात १९८९च्या सुमारास डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपीन या बीपीच्या गोळीवर दारूचा परिणाम पाहत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. दोषी दारू नव्हती, रस होता. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, पण त्याच्या नात्यातल्या पपनसातही ती रसायनं असतात. घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा पिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, मग बीपीची गोळीच 'लागू पडत नाही' असं वाटतं.

आता ओळखायचं कसं? माझा भरवसा कॅलेंडरवर आहे. नव्या गोळीनंतर नव्या गोळीच्याच स्वभावातला त्रास झाला तर बहुधा दुष्परिणाम. वर्षानुवर्षं मुकाट चाललेली जुनी गोळी अचानक उलटली, तर आधी तिच्या शेजारी कोण येऊन बसलंय ते पाहावं. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजींना लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमॉक्साझोल दिलं, आणि तिसऱ्या पहाटे आजी घामाने भिजून असंबद्ध बोलू लागल्या, तर तो अशक्तपणा नाही आणि वयही नाही. आधी साखर तपासा. त्यात बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर धडधड, थरथर या साखर उतरल्याच्या खुणाही दबतात. घाम तेवढा उरतो.

कॅलेंडरही फसवतं, हे कबूल. रामिप्रिलचा खोकला कधी काही महिन्यांनी सुरू होतो. वयाबरोबर मूत्रपिंड मंदावलं तर जुनी गोळी कुणाच्याही मदतीशिवाय साचते. आणि काही वेळा हे दोन्ही नसतंच: कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल असतं हे ठाऊक नसल्याने वर डोलो घेतली, तर ती आंतरक्रिया नव्हे, एकच औषध दोन नावांनी पोटात गेलं. आपल्याकडे मिश्र गोळ्या आणि ब्रँडची नावं इतकी आहेत की हे रोज घडतं. अॅलर्जी आणखी निराळी. श्वास अडला, ओठ सुजले, तर वर्गवारी करत बसू नये, दवाखाना गाठावा.

दुष्परिणाम निघाला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. आंतरक्रिया निघाली तर पुष्कळदा जुनी गोळी तशीच ठेवून पाहुणीला निरोप देता येतो, किंवा फक्त वेळा लांबवून भागतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तास ठेवले की भांडण मिटतं. दोन्ही प्रकारांची नोंद सरकारकडेही करता येते, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर, आणि ती पेशंटलाही करता येते, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. हा क्रमांक मी काउंटरच्या काचेवर चिकटवलाय. अजून कुणी उतरवून घेतलेला नाही.

काकांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर ६च्या वर निघाला, म्हणजे फारच जास्त. गजकर्णाची गोळी थांबली, त्या जागी मलम आलं, जुनी गोळी दोन दिवस थोपवून तपासणी करत करत पूर्वीच्या डोसवर आणली. मावशींचीही अॅम्लोडिपीन बदलली, दहा-बारा दिवसांत घोटे पूर्ववत. परवा त्या महिन्याचं औषध न्यायला आल्या, तेव्हा चिठ्ठ्या दोन होत्या. दुसरी, सूज होती तेव्हा वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली लघवीची गोळी. सूज जाऊन सहा महिने झाले होते. "ही कशासाठी चालू आहे, मावशी?"

"अहो, त्या गोळीनेच तर सूज उतरली ना?"