महाविद्यालयातील समुपदेशन सेवा : पात्रता, कागदपत्रे आणि गोपनीयता

मुंबईतील अनेक विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे हेच माहीत नसते आणि ज्यांना माहीत असते, त्यांतले कित्येक जण प्राचार्यांच्या नावे अर्ज करावा लागेल, घरी कळवले जाईल, या भीतीने तिकडे फिरकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे अपेक्षित आहे. त्यामुळे कक्ष दिसत नसेल तर कार्यालयात त्याची चौकशी जरूर करावी.

पात्रता साधी आहे. चालू वर्षाचा प्रवेश आणि ओळखपत्र एवढे सहसा पुरते; आजाराचे निदान किंवा शिक्षकाचे शिफारसपत्र लागत नाही. एटीकेटीची धास्ती, वसतिगृहातील एकटेपणा, घरातील ताणतणाव, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे.

पहिल्या भेटीत बहुधा एक संमतीपत्र भरायला दिले जाते आणि ते घाईने सही करून परत देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे, या रकान्यात ज्या व्यक्तीवर आपला खरोखर विश्वास आहे तिचे नाव लिहावे. नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात आणि त्या कोण पाहू शकतो, हे समुपदेशकाला तेथेच विचारावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचारांविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती संबंधितांना देता येते. अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या विद्यार्थ्याच्या उपचारांत पालकांचा सहभाग लागतो.

कागदपत्रांचा प्रश्न येतो तो सवलत मागताना. आजारपणामुळे ७५ टक्के हजेरी भरली नसेल, तर अर्जासोबत मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणि रुग्णालयाचा केस पेपर जोडावा, कारण समुपदेशकाचे पत्र वैद्यकीय दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. दाखल्यावर उपचारांच्या तारखा स्पष्ट असाव्यात आणि निदानाचा तपशील किती लिहायचा, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. हा अर्ज सत्र संपण्याची वाट न पाहता, प्रकृती साथ देईल तितक्या लवकर द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

कक्ष बंद असेल किंवा रात्री-अपरात्री जीव घाबरा होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.