स्नेअर ड्रम लावणे : जुन्या रॉकचा बाज

स्नेअर ड्रमची वरची-खालची पाने (ताणून बसवलेले पडदे), पोटाखालच्या तारा आणि पानावरचा दाब (घुमारा कापायला वर ठेवलेले फडके वगैरे) यांची जुळणी करून १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या रॉक ध्वनिमुद्रणांसारखा जाड, जरा कोरडा, तरीही जिवंत ठोका काढण्याची रीत. सोलापुरात लग्नाच्या बँडमधला वादक याच कुळातल्या वाद्याला साईड ड्रम म्हणतो. ऑर्केस्ट्रात आणि कॉलेजच्या पोरांत स्नेअर हा शब्द चालतो. ‘ट्यूनिंग करणे’ सर्रास म्हटले जात असले तरी इथे ‘लावणे’ हा तबल्याचा शब्द घेतला आहे. कामही तेच आहे: घराघराला (इथे घर म्हणजे प्रत्येक बोल्टाजवळची पानाची जागा) कान देत ताण सारखा करत जायचे.

ड्रमसेटमधला स्नेअर बहुधा १४ इंच व्यासाचा आणि ५ ते ६.५ इंच खोल असतो. खोड मेपल, महॉगनी अशा लाकडाचे किंवा पितळ, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद अशा धातूचे. दोन्ही तोंडांवर पान, पानावर धातूचे कडे, आणि कडे ओढून धरणारे ८ किंवा १० बोल्ट. बोल्टांची डोकी चौकोनी असतात, ती ड्रमच्या चावीनेच फिरवायची. पक्कड लावली की कोपरे झिजलेच. वरचे पान सुमारे पाव मिलिमीटर जाड असते, खालचे जेमतेम ०.०७५ मिलिमीटर. खालच्या पानाला टेकून पोलादी तारांचा पट्टा असतो, साधारण २० वेटोळ्या तारांचा. बाजूचा खटका ओढला की तारा पानाला भिडतात आणि ‘डुम्म’चा ‘च्याक’ होतो. तारा नीट टेकाव्यात म्हणून त्या जिथून जातात तिथला खोडाचा काठ किंचित उतरवलेला असतो. ढोल-ताशा पथकात वावरलेल्या वाचकाला पान आणि कडे समजावून सांगायला नको, हा उतार मात्र त्याला नवा असेल.

तबला ‘सा’ला लागतो, स्नेअर कशाला लावायचा, हा प्रश्न सोलापुरातल्या तबला शिकलेल्या प्रत्येक मुलाला पडतो. उत्तर शाईत आहे. मोकळ्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे पडतात, त्यामुळे त्यात स्पष्ट स्वर ऐकू येत नाही. तबल्याची शाई त्यांना जवळजवळ पूर्ण पटींत आणून बसवते. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. स्नेअरला शाई नाही, वर तारांची खरखर आहे. म्हणून त्याला ‘सा’ लागत नाही, पण उंची असते, आणि जुन्या रॉकच्या बाजासाठी ती साधारण १६० ते २०० हर्ट्झमध्ये ठेवली जाते. हार्मोनियमची काळी तीन आणि पांढरी पाच (१८५ आणि १९६ हर्ट्झ) याच पट्ट्यात येतात. गाण्याच्या पट्टीशी जुळवण्याचा अट्टहास करू नये.

‘जुना आवाज’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. पन्नाशीच्या दशकापर्यंत पाने वासराच्या कातड्याची असत आणि ढोलकीसारखीच पावसाळ्यात उतरत, उन्हाळ्यात चढत. त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरची पाने आली. त्यांच्यासाठी गाजलेली रेमो ही कंपनी १९५७ ची. म्हणजे रॉकचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो तो बहुतांश प्लॅस्टिकच्या पानाचा आहे, कातड्याचा नाही. हलगी शेकोटीवर धरून चढवतात तसे हे पान शेकून चढत नाही, बिघडते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना ड्रम टेम्पोत उन्हात ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

त्यातही बाज एक नाही, निदान दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकी टीव्हीवरच्या एड सुलिव्हन शोमध्ये बीटल्स दिसले आणि रिंगो स्टारच्या लुडविग ड्रमसेटला अमेरिकेत तुफान मागणी आली. त्याचा स्नेअर लाकडी, ५.५ इंच खोल. दशक संपत आले तेव्हा ध्वनिमुद्रणात त्याच्या ड्रमवर भांडी पुसायची सुती फडकी टाकलेली असत. ठोका आखूड, पोटात दाबलेला. दुसरीकडे लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम लुडविगचाच ६.५ इंच खोल, अ‍ॅल्युमिनियमच्या खोडाचा सुप्राफोनिक वाजवी, पाने चांगली चढवून, घुमू देऊन. मुलगा शिकवणीत येऊन ‘जुना रॉक साउंड पाहिजे’ म्हणाला की आधी विचारावे, कोणता? निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आता लावण्याकडे. जुने पान काढले की खोडाचा काठ कोरड्या कपड्याने पुसावा आणि त्यावरून बोट फिरवून पाहावे. कुठे कपार लागली तर तिथे पान कधीच नीट बसणार नाही, मग चावी कितीही फिरवा. पान आणि कडे ठेवून सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, जाईल तिथवर. पुढे चावी घेऊन समोरासमोर: एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, दर वेळी अर्धा फेरा. मधे तळहाताने पान दाबावे. कर्रकर्र वाजते ते नव्या पानाच्या कडेतल्या चिकटीचे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पान फाटले असेच वाटते.

मग कान. खटका सोडून तारा मोकळ्या करायच्या, ड्रम घडी केलेल्या चादरीवर ठेवायचा म्हणजे खालचे पान गप्प बसते. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत स्टिकच्या टोकाने हलकेच टिचकी मारत गोल फिरायचे. पानाच्या मध्यावर बोट अलगद टेकवले की त्या घराचा स्वर एकटा ऐकू येतो. एखादे घर उतरलेले वाटले म्हणून लगेच तेच चढवू नये. पुष्कळदा समोरचे घर चढलेले असते आणि हे बिचारे त्याच्या ओढीने खाली गेलेले असते. चढलेले घर उतरवायचे असेल तर हव्या त्या जागेच्या खाली नेऊन पुन्हा वर आणावे, नाहीतर बोल्ट तिथे टिकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना हा प्रकार अशक्य होतो. घराघरातला फरक बारीक असतो आणि मागाची खटखट भिंतीतून येते. वीज गेली की चावी हातात घ्यायची, ही प्रस्तुत नोंदकाराची पंधरा वर्षांची सवय आहे.

खालचे पान वरच्यापेक्षा चढे ठेवायचे. सगळा बाज या एका वाक्यात आहे आणि नेमके हेच बहुतेकांकडून उलटे होते. जाड आवाज हवा म्हणून वरचे पान ढिले करतात, खालच्याकडे बघतही नाहीत, मग स्टिक उसळत नाही आणि आवाज पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो. जाडपणा मधल्या ताणाच्या वरच्या पानातून येतो आणि ठोक्याची धार ताणलेल्या खालच्या पानातून. अंदाज असा: वरचे पान मध्यावर अंगठ्याने जरा जोर लावून दाबले की किंचित लवावे, खालचे जवळजवळ लवू नये. खालच्या पानावर अंगठ्याचा हा जोर चालत नाही, त्याला खळगा पडतो. त्याला बोटाचे पेरच टेकवून पाहायचे. दोन्ही पाने एकाच उंचीला लागली तर घुमारा लांबतो, लेड झेपेलिनच्या वाटेने जायचे असेल तर तो हवाच असतो.

तारा पानाला भिडतील इतक्याच ओढाव्यात. खटक्याजवळचा गोल स्क्रू फिरवत जावे आणि अगदी हलक्या टिचकीलाही तारा उत्तर देऊ लागल्या की थांबावे. जास्त ओढल्या तर आवाज घुसमटतो. बास गिटारच्या एखाद्या स्वराला तारा आपसूक खुळखुळतात, त्याला इलाज आहे: खालच्या पानावर तारांच्या दोन्ही टोकांशी असलेले बोल्ट पाव फेरा सोडावेत. खुळखुळ थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांत ती कान देऊन ऐकली तर सापडते आणि तिथे ती गोड वाटते.

राहिला दाब. इथे सोलापूरकराची पंचाईत होते, कारण हाताशी टॉवेल फार. इथल्या चादरीबरोबर टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, प्रत्येक घरात त्याची थप्पी असते, आणि रिंगोचे फडके कुठेतरी वाचलेला मुलगा आख्खा आंघोळीचा टॉवेल ड्रमवर अंथरतो. त्या फडक्याचा आणि या टॉवेलचा संबंध नाही. ते पातळ विणीचे सुती कापड होते. टेरीच्या उभ्या फासांत हवा आणि आवाज दोन्ही जिरतात, पाणी टिपायला ते विणलेच तसे जाते. आख्खा टॉवेल टाकला की घुमाऱ्याबरोबर ठोक्याची धारही जाते, उरते ती धप्प. हात पुसायचा छोटा नॅपकिन चौपदरी घडी करून वादकापासून लांबच्या कडेला, पानाचा फार तर पाचवा भाग झाकेल असा ठेवावा. ठोक्याबरोबर तो जरासा उचलला जातो आणि पुन्हा बसतो: पहिला क्षण मोकळा, शेपूट कापलेले. चिकटपट्टीने घट्ट बसवला तर ही गंमत जाते, म्हणून कड्याला एकाच बाजूने चिकटवावा. खिशातले पैशाचे पाकीटही चालते, अमेरिकेत ती पद्धत जुनीच आहे. फुटलेल्या पानातून इंचभर रुंदीची गोल कडी कापून ती वर ठेवली तर वरच्या पट्टीची किणकिण तेवढी मरते. नोंदकाराचे मत विचाराल तर कडी नॅपकिनपेक्षा बरी, कारण वाजवताना ती सरकत नाही.

इतके करूनही तालीम-खोलीत आवाज रेकॉर्डसारखा येत नाही, तेव्हा दोष ड्रमचा नसतो. लेड झेपेलिनच्या १९७१ साली आलेल्या चौथ्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी ड्रमसेट इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या दालनात मांडला होता आणि दोन मायक्रोफोन वरून, जिन्यात टांगले होते. ऐकू येतो तो अर्धा जिनाच आहे. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांची पद्धतही अशीच काटकसरीची: ड्रमसेटवर दोन मायक्रोफोन, दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर, आणि एखादा बास ड्रमपुढे. अंतर सुतळीने मोजले तरी चालते. आपल्याकडे मांडवातला साउंडवाला पानापासून दोन बोटांवर माइक लावतो आणि घुमारा मशिनने कापतो. त्याच्या मागे सबवूफर असल्यामुळे त्याचेही बरोबर आहे, पण त्या जागी जुना बाज मागू नये. दगडी जिन्याची जुनी इमारत सोलापुरात शोधायला लांब जावे लागत नाही. शेजाऱ्यांना विचारावे मात्र लागते.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात खोलीत लावलेला ड्रम बहुतेक तसाच चालतो. उघड्यावर मात्र वरचे पान सगळीकडून पाव फेरा चढवावे आणि नॅपकिन काढून टाकावा, कारण लांबच्या माणसापर्यंत घुमारा पोहोचत नाही, धारच पोहोचते. लेझीम आणि हलगीच्या मिरवणुकीशेजारी वाजवायची वेळ आली तर जुना बाज विसरून बँडवाल्यांसारखा टणक लावलेला बरा. हलगीच्या कडकडाटापुढे मध्यम ताणाचा स्नेअर ऐकू येत नाही.

कड्यावर आणि पानावर एकाच वेळी मारायचा ठोका या बाजाचा आधार आहे, आणि त्याचीच किंमत ड्रम मोजतो: वादकाच्या पुढ्यातला, म्हणजे स्टिक आदळते तिथला बोल्ट दर दोन-तीन गाण्यांनी सैल होतो. ड्रम ‘उतरला’ अशी तक्रार आली की आधी हा एक बोल्ट तपासावा, बाकीचे छेडू नयेत. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप बोल्टावर एक वेढा देऊन बसवली तर तो कार्यक्रमभर टिकतो. दोन वेढे दिले तर चावी जड जाते आणि घर कानाला सापडत नाही.