ट्रे समोर आलाय, आता काय करायचं?

नमस्कार! तुमच्यासमोर लाकडी ट्रे आलाय, त्यात पाच छोटे ग्लास आहेत, प्रत्येकात १०० मिली बीअर. डावीकडून सुरुवात करा, कारण हलक्या चवीकडून भारी चवीकडे असा क्रम लावलाय आणि आधीच शेवटचा ग्लास उचलला तर पहिला पाण्यासारखा लागेल. घाई नको, तास दीड तास लागला तरी टेबल तुमचंच आहे.

एक हिशोब आधीच सांगतो. पाच ग्लास मिळून अर्धा लिटर होतं, म्हणजे बाटलीतल्या एका पाइंटपेक्षा (३३० मिली) बरंच जास्त. ग्लास छोटे दिसतात म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. बरोबर पाण्याचा जग दिलाय तो रिकामा करा, गाडी कुणी चालवणार असेल तर त्याच्यासाठी जिंजर फिझ आहे, आणि २१ पूर्ण नसतील तर आम्ही देत नाही, ओळखपत्र मागितलं तर राग मानू नका. एक दिवसाचं परमिट काउंटरवर मिळतं.

आता मुद्द्याचं. दर शनिवारी निदान दहा जण तरी म्हणतात की आम्हाला बीअरमधलं काही कळत नाही हो, तुम्हीच सांगा कुठली चांगली. आमचं म्हणणं असं की ज्याला आमटीत गूळ कमी पडलाय हे पहिल्या घासात कळतं, ताक आज आंबट झालंय हे नुसत्या वासावरून कळतं, त्याला बीअर कळते, फक्त इथे आल्यावर आपण आपले शब्द घरी ठेवून येतो आणि मग इंग्रजी शब्द येत नाहीत म्हणून गप्प बसतो. तसं करू नका. आजीच्या डब्यातल्या भाजणीचा वास आला तर तेच म्हणा, आम्हाला त्यातून नेमकं कळतं, कधीकधी आमच्या ब्रूअरला (बीअर बनवणाऱ्याला) जे सापडलं नाही ते तुम्हाला सापडतं.

बीअर म्हणजे मुळात चार गोष्टी. जव, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि पाणी. जव थेट वापरत नाहीत, आधी भिजवतात, मोड आणतात, मग वाळवतात, याला माल्ट म्हणतात. ओळखीचं वाटतंय ना? नाचणीचं सत्त्व करतो तेच हे, बाळाला जे भरवतो ते नाचणीचं माल्टच असतं. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर करणारे एन्झाइम तयार होतात, नंतर गरम पाण्यात ती साखर उतरते आणि यीस्ट ती खाऊन अल्कोहोल आणि गॅस तयार करतं. माल्ट किती भाजलं यावर रंग आणि अर्धी चव ठरते. हलकं वाळवलं की बिस्किट, पाव, मध असा वास, जरा जास्त भाजलं की खमंग भाजणी, टॉफी, आणि पार काळं होईपर्यंत भाजलं की कॉफी, कोको, भाकरीचा करपलेला पापुद्रा.

पिण्याआधी थोडं थांबा

आधी ग्लास उजेडात धरून बघा. फेस आहे का, किती वेळ टिकतो, घोट घेतल्यावर काचेला जाळीसारखा चिकटून राहतो का. फेस दिसला की बरेच जण म्हणतात "बीअर कमी दिली", पण दोन बोटं फेस आम्ही मुद्दाम ठेवतो, वास त्यातूनच वर येतो. ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो, म्हणून आमचे ग्लास वेगळे धुतले जातात, त्यांच्यात कधी लस्सी दिली जात नाही. (घरी प्याल तेव्हासुद्धा ग्लास साबण पूर्ण निघेपर्यंत विसळून उपडा ठेवून वाळू द्या, फडक्याने पुसू नका.)

मग ग्लास हलकेच गोल फिरवा आणि हुंगा. पहिले दोन छोटे श्वास, मग एक लांब. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक नाकाचं काम. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं ते आठवा. घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा, तेव्हा घशाकडून नाकात वास जातो आणि आधी न आलेलं काहीतरी येतं. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण बीअरचा कडवटपणा गिळल्यावरही रेंगाळतो, तोही चाखायचा असतो.

"अजून चिल्ड नाही का?" हा प्रश्न मे महिन्यात रोज येतो. बर्फासारखं थंड केलं की जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही, त्यामुळे चांगली आणि वाईट बीअर सारखीच लागते. पिल्सनर (पहिला ग्लास) आम्ही ५ ते ७ डिग्रीला देतो, आयपीए (चौथा) ८ ते १० आणि स्टाउट (पाचवा) १० ते १२ च्या आसपास. स्टाउट शेवटी ठेवायचं हेही एक कारण, तोवर ती अजून थोडी उबदार होते आणि तिचा वास खुलतो.

पहिला ग्लास, पिल्सनर. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन गावातली ही बीअर. १८३८ मधे तिथल्या लोकांनी खराब झालेली बीअर टाउनहॉलसमोर ओतून दिली, मग गावाने नवी ब्रुअरी बांधली, जर्मनीतल्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला आणि १८४२ मधे त्याने सोनेरी, स्वच्छ, कडवट लागर (थंडीत आंबवलेली बीअर) काढली. त्या गावचं पाणी अतिशय मऊ, म्हणून एवढे हॉप्स घालूनही कडवटपणा बोचत नाही. आज जगात जी पिवळी लागर सगळीकडे मिळते ती याच घराण्यातली, फक्त बहुतेकांनी कडवटपणा काढून टाकलाय. आमच्या ग्लासात बघा, आधी ताज्या पावाचा वास, मग ओल्या गवतासारखा, आणि शेवटी मेथीच्या भाजीसारखा स्वच्छ कडू. लागरचं यीस्ट थंडीत हळू काम करतं, तिला पाच सहा आठवडे टाकी अडवावी लागते, म्हणून ही साधी दिसणारी बीअर आम्हाला सगळ्यात महाग पडते. लपवायला हिच्यात काही नसतं, ब्रूअरचा हात ओळखायचा तर आधी पिल्सनर प्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरा, हेफेवायझेन. गव्हाची, गढूळ, बव्हेरियातली. निम्मं तरी माल्ट गव्हाचं असतं. नाक जवळ न्या आणि वास ओळखा... पिकलेलं केळं! आम्ही केळं घातलेलं नाही, शपथ. त्या जातीचं यीस्टच आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं संयुग तयार करतं आणि पिकलेल्या केळ्यात तेच असतं. मागून लवंग येते, तीही यीस्टचीच. बव्हेरियात १५१६ मधे नियम झाला की बीअरमधे फक्त जव, हॉप्स आणि पाणी (यीस्टचा उल्लेखच नाही, तेव्हा ते काय असतं कुणाला माहीत नव्हतं), आणि गव्हाची बीअर करायचा हक्क नंतर बराच काळ तिथल्या ड्यूकच्या घराण्याने स्वतःकडे ठेवला होता. पुण्यात २००९ मधे डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून इथल्या लोकांना क्राफ्ट बीअरची (छोट्या ब्रुअरीत बनवलेल्या बीअरची) सवय लागली आणि त्यात गव्हाच्या बीअरनेच मोठी मदत केली, कडू कमी, वास गोड. हिची बहीण म्हणजे बेल्जियन विट, त्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात, ती नळावर असेल तर जरूर मागा. ती जवळजवळ संपलीच होती, होगार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ मधे परत सुरू केली.

तिसरा, कोकम गोझे. गुलाबी दिसते म्हणून गोड असेल असं वाटतं आणि पहिल्या घोटाला चेहरे वाकडे होतात, म्हणून आधीच सांगतो, ही आंबट आणि किंचित खारट आहे. गोझे जर्मनीतली, गोस्लार गावची आणि नंतर लाइपझिगची, त्यात मीठ आणि धणे पूर्वीपासून घालतात. आंबटपणा लॅक्टिक बॅक्टेरियाचा, आपल्या दह्यात असतात त्यांच्याच कुळातला. कोकम आमची भर, कोकणातून सुकी आमसुलं आणतो. आंबट, मीठ, धणे आणि कोकम, सोलकढीवर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या घोटानंतर ही परकी वाटत नाही.

चौथा, आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल (फिकट रंगाची बीअर). इथे जरा थांबू, कारण नावात इंडिया आहे. गोष्ट अशी सांगतात की इंग्लंडहून मुंबई कलकत्त्याला येताना बीअर खराब व्हायची म्हणून एका ब्रूअरने भरपूर हॉप्स घालून ही शोधली. तेवढं सरळ ते नव्हतं. जास्त हॉप्सने बीअर टिकते हे ब्रूअर लोकांना आधीपासून ठाऊक होतं. पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना उधारीवर माल द्यायचा, म्हणून त्याची बीअर इकडे आली, आफ्रिकेला वळसा घालून चार सहा महिने पिंपात हेलकावे खात. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रूअरनी त्याला मागे टाकलं, तिथल्या पाण्यात जिप्सम हे खनिज आहे आणि त्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा, धारदार होतो. आणि मुंबईत उतरलेले साधे गोरे शिपाई बहुतेक पोर्टर नावाची काळी बीअरच प्यायचे, पेल एल साहेबलोकांची.

आज ग्लासात आहे ती मात्र अमेरिकन वळणाची आयपीए. १९७२ मधे तिकडे कॅस्केड नावाची हॉप्सची जात आली आणि त्यातून सगळा खेळ बदलला. वास घ्या, पपनसाची साल नखाने सोलल्यासारखा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. सुरुवातीला घालून तासभर उकळली की कडवटपणा उतरतो, वास उडून जातो. शेवटी घातली की वास राहतो, कडवटपणा कमी. कोथिंबीर फोडणीत घातली आणि भाजी उतरवल्यावर वरून घातली यात जो फरक, तोच. म्हणून आम्ही निम्म्याहून जास्त हॉप्स गॅस बंद केल्यावर आणि टाकीत थंड झाल्यावर घालतो. मेनूवर आयबीयू लिहिलंय ते कडवटपणाचं माप, पिल्सनर ३५, आयपीए ५५, पण आकड्यावर जाऊ नका, माल्टचा गोडवा बरोबर असेल तर ५५ सुद्धा जाचत नाही. आणि आयपीए ताजीच प्यावी, वास आठवड्यागणिक उतरतो, पाटीवर बॅचची तारीख आम्ही त्यासाठीच लिहितो.

पाचवा, स्टाउट. काळी म्हणजे कडक हा समज सगळ्यात पक्का. रंग भाजण्याचा, अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही. डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमधे ४.२ टक्के अल्कोहोल असतं आणि आपल्याकडच्या पिवळ्या स्ट्राँगमधे ८ टक्क्यांपर्यंत. आमची ४.५ आहे. कॉफी, कोको, करपलेली भाकरी, आणि नायट्रोजन गॅसवर देतो म्हणून फेस सायीसारखा. हिच्याबरोबर कालवं खाऊन बघा. इंग्लंड आयर्लंडमधे स्टाउट आणि कालवं ही जुनी जोडी आहे, आपल्याकडे किनाऱ्यावर कालवं आहेतच, हिवाळ्यात मिळाली की आम्ही मेनूवर ठेवतो.

खाण्याचं बोलतोय तर एक नक्की सांगतो, आयपीए आणि झणझणीत मिसळ एकत्र घेऊ नका. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिखटाबरोबर हेफेवायझेन, तिचा मऊपणा आणि केळं आग शांत करतं. बोंबील फ्रायबरोबर गोझे (लिंबू पिळायची गरज नाही), कोथिंबीर वडीबरोबर पिल्सनर. आयपीए ठेवा खारट, तेलकट गोष्टींना, बटाटा भजी, खारे शेंगदाणे.

वास चुकीचा वाटला तर

आम्हाला सांगा, लगेच. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायॲसिटिल, यीस्टला शेवटी पुरेसा वेळ मिळाला नाही. उकडलेलं मक्याचं कणीस किंवा कोबी म्हणजे उकळी कमी पडली. हिरव्या सफरचंदासारखा म्हणजे बीअर कच्ची काढली. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे जुनी झाली, हवा लागली. उन्हात राहिलेल्या बीअरला जळक्या रबरासारखा कुबट वास येतो, हॉप्समधल्या घटकांवर उजेड पडून तो काही मिनिटांतसुद्धा तयार होतो, म्हणून ग्लास घेऊन बाहेर अंगणात बसणार असाल तर सावलीतलं टेबल घ्या. बाटली तपकिरी असते तीही याचसाठी.

दुसऱ्या वर्षी आमच्या एका लागरच्या बॅचला लोण्याचा वास आला होता. गर्दीचे दिवस होते, टाकी रिकामी हवी होती म्हणून आम्ही तीन दिवस आधी थंड केली, यीस्ट झोपलं आणि डायॲसिटिल तसंच राहिलं. एका काकूंनी घोट घेऊन सांगितलं की याला तूप कढवतानाचा वास येतोय. आम्ही परत चाखली, त्यांचं बरोबर होतं. ५०० लिटर ओतून दिली. तेव्हापासून प्रत्येक लागर थंड करायच्या आधी दोन ते तीन दिवस १६ डिग्रीला ठेवतो, कितीही गर्दी असो.

या कागदाच्या मागे पाच ओळी कोऱ्या सोडल्यात, प्रत्येक ग्लासला एक. कशाचा वास आला ते तुमच्या शब्दात लिहा, पेन काउंटरवर आहे, आणि कागद जाताना ट्रेमधेच ठेवा, सोमवारी टाक्या धुवायच्या आधी आम्ही सगळे बसून वाचतो.