पंखा बिघडलाय की गाडीला ताप कळत नाहीये?

उन्हाळ्यात खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. परवा आमच्या शेजाऱ्यांचीही गाडी अशीच तापली. मेकॅनिकने पाच मिनिटांत ‘फॅन डायरेक्ट करून’ दिला, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. शेजारी खूश झाले. मला मात्र राहवेना, कारण पंखा जोडला गेला, पण तो थांबला का होता हे कुणी पाहिलंच नाही.

हमरस्त्यावर गाडी पळत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी गार करणारी जाळी, थंड ठेवतो. पंख्याची खरी गरज गर्दीत आणि चढावर, जिथे वेग कमी असतो. म्हणून तापमानाचा काटा फक्त ट्रॅफिकमध्ये चढत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावरही चढत असेल तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) किंवा चोक झालेला रेडिएटर पाहावा.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आजच्या बहुतेक गाड्यांत पंखा स्वतःहून फिरत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, त्याला हुकूम देतो. ईसीयूला इंजिनाचा ताप कळतो तो बोटाच्या पेराएवढ्या सेन्सरमुळे. त्यात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. थर्मिस्टरचं नेमकं उलटं. तो मँगनीज, निकेल यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा बनतो. या पदार्थात इलेक्ट्रॉन मोकळे वाहत नाहीत, एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारतात, आणि उडीसाठी लागणारी ऊर्जा त्यांना उष्णतेतून मिळते. ताप वाढला की उड्या वाढतात, रोध कोसळतो. रोधाची अशी उलटी चाल मायकेल फॅरेडेने 1833 मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपली होती. गाडीतल्या सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो, 100 अंशांना दोनशेच्याही खाली येतो. ईसीयू एका ठरावीक रोधातून 5 व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. व्होल्ट जितके कमी, तितकं इंजिन गरम.

मग सेन्सरचं सॉकेटच काढलं तर? रोध अनंत, व्होल्ट पूर्ण 5. ईसीयूच्या हिशेबाने ही उणे 40 अंशांची थंडी झाली. ती अशक्य आहे हे ओळखून बऱ्याच गाड्यांचा ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा लावून टाकतो. म्हणजे इंजिन चालू ठेवून सॉकेट काढलं आणि पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग सगळं धड आहे, गडबड सेन्सरच्या बाजूला आहे. (हात पंख्यापासून लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो.) त्याहून सोपी चाचणी एसी लावण्याची. एसी लागल्यावर पंखा फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर तोच निष्कर्ष.

सेन्सर चांगला असूनही फसू शकतो. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी झालं की त्याचं टोक कोरडं पडतं. धातू तापलेला, पण सेन्सरभोवती नुसती हवा, म्हणून आकडा कमी येतो आणि पंखा लागतच नाही. तेव्हा आधी कूलंट पाहा, तेही इंजिन गार झाल्यावरच. रेडिएटरच्या झाकणामागे दाब असतो, त्या दाबामुळेच शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि त्याची एकदम वाफ होते. तोंड भाजल्याच्या घटना अशाच घडतात. लिंबू-मिरची टांगण्यापेक्षा महिन्यातून एकदा कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी आहे का ते पाहिलेलं बरं.

‘डायरेक्ट’वर माझा राग याचसाठी. हाच सेन्सर पेट्रोल किती सोडायचं तेही ठरवतो. तो खोटी थंडी सांगत राहिला तर पंखा फिरत असतानाही इंजिन जास्त पेट्रोल पीत राहतं.

दोन्ही चाचण्यांत पंखा हलला नाही तर फ्यूज बघा, मग रिले. बाजूलाच तसाच, त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून पाहा. शेवटी मोटर. तिला थेट बॅटरीवरून 12 व्होल्ट देऊन पाहायचं. तरी फिरली नाही, पण काठीने हलकं ठोकल्यावर फिरू लागली, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत. ते बदलता येत नसतील तर मोटर बदला.