फौजी पेन्शन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड : आधी पत्नीचं नाव तपासा

चुलत्यांचं दिवसकार्य उरकल्यावर चुलतीने लोखंडी ट्रंक उघडली. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत चुलत्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदपुस्तक होतं. त्यात पत्नीचं नाव 'इंदू', आधार कार्डावर 'सुनंदा'. लग्नात नाव बदललेलं. जन्मतारखेच्या जागी डिस्चार्ज बुकात नुसतं वर्ष, तर आधारवर १ जून, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली. इंदू आणि सुनंदा एकच, हे सगळ्या भावकीला माहीत होतं, पण कागदावर त्या दोन बायका होत्या. फॅमिली पेन्शन आठ महिने अडकलं आणि बीपी-शुगरच्या गोळ्या उसनवारीवर आणाव्या लागल्या. साताऱ्याकडच्या किती घरांत अशीच ट्रंक असेल, या विचाराने मला झोप लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

दुरुस्ती फौजी हयात असताना सोपी असते, कारण अर्जावर त्यांचीच सही चालते. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, दोघांचं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंगसकट अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करा, दोन वर्तमानपत्रांत (एक मराठी, एक इंग्रजी) जाहिरात द्या आणि कात्रणं जपून ठेवा. हे सगळं घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांचं खडकीला. तिथे 'पार्ट टू ऑर्डर' (नोंद बदलल्याचा लष्करी आदेश) निघाली आणि सुधारित पीपीओ हातात आला, की काम झालं. नुसत्या पोचपावतीवर समाधान मानू नका.

पेन्शन आता बहुतेकांचं 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर आहे. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा, ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्रात अंगठा उमटत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवनप्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला निघतो. शेतात राबलेल्या आयाबायांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात, त्यांना ही सोय सांगा. निधन झाल्यावर मृत्यूचा दाखला, पत्नीचं आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि पीपीओ एवढं लागतं. आणखी एक. निवृत्तीनंतर निधन झालं असेल तर पत्नीला आधी शेवटच्या पगाराच्या ५० टक्के दराने पेन्शन मिळतं. ते सात वर्षं, किंवा फौजीला ६७ वर्षं झाली असती त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. मग दर ३० टक्क्यांवर येतो. रक्कम उतरली की बाया घाबरून बँकेत धाव घेतात. त्यांना हे आधीच समजावून ठेवा.

आता ईसीएचएस. योजना १ एप्रिल २००३ पासूनची. पेन्शनर, फॅमिली पेन्शनर, पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं-आईवडील यात येतात. मुलाला वयाची २५ वर्षं, लग्न किंवा कमाई यांपैकी जे आधी होईल तोवर; मुलीला वयाची अट नाही, लग्न किंवा नोकरी होईपर्यंत. दिव्यांग अपत्याला पुढेही लाभ मिळतो. आईवडिलांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. योजना सुरू झाल्यानंतर निवृत्त झालेल्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापलेली असते. त्याआधीच्यांनी अजून नाव घातलं नसेल तर रिक्रूट ते हवालदार ३०,००० रुपये, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००, अधिकारी १,२०,०००. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. पैशाच्या भीतीने मागे राहिलेले कितीतरी वृद्ध नेमके याच सवलतीत बसतात, हे पाहून जीव तुटतो. सभासद झाल्यावर पेन्शनसोबतचा महिना १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता मात्र बंद होतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा. पीपीओ, डिस्चार्ज बुक, प्रत्येकाचं आधार, फोटो, रक्तगट, मुलांचे जन्मदाखले स्कॅन करून ठेवा. पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा दवाखाना) निवडताना सातारा शहरातलं की तुम्हाला जवळ पडणारं दुसरं, ते विचार करून ठरवा. औषधं तिथूनच न्यायची आहेत.

जो जवान पेन्शन न मिळता घरी आला, त्याला यातलं बहुतेक काही मिळत नाही, पण हात रिकामे राहत नाहीत. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून आलेल्या, पासष्टीपुढच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत असते. २०२५ मध्ये ती महिना ४,००० वरून ८,००० रुपये झाली. हा अर्जही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो.

एरवी मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी पॉलिक्लिनिकची रेफरल चिठ्ठी लागते. छातीत कळ आली, अपघात झाला, तर चिठ्ठीसाठी थांबू नका, जवळचा दवाखाना गाठा. तो ईसीएचएसच्या मान्यताप्राप्त यादीतला नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, डिस्चार्ज समरी आणि मूळ बिलं सांभाळा. खर्चाची भरपाई ठरलेल्या सरकारी दरानेच मिळते. आमच्या घरात पॉलिक्लिनिकचा फोन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलाय, चुलतीला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यांत.